काच सगळाच उजेड अडवत नाही : वेल्डिंगच्या काचेपासून फ्लोराइड काचेपर्यंत

रात्रीचे दोन वाजलेले असतात. दिवसभर ग्रिलच्या दुकानात राबून आलेला घरातला पोरगा अचानक उठून बसतो. डोळ्यांत मूठभर वाळू गेल्यासारखे वाटते, पाणी थांबत नाही, बल्ब लावला तर सहन होत नाही. आई बटाट्याची चकती आणते, शेजारची काकू दूध टाकायला सांगते. सकाळी मेडिकलमधून कुणीतरी थेंब आणून देतो, ते घातले की दुखणे दहा मिनिटांत थांबते आणि पोरगा परत कामावर जातो. आपल्या वस्त्यांत फॅब्रिकेशनच्या, गॅस कटिंगच्या, ग्राइंडरच्या कामावर जाणारी माणसे पुष्कळ आहेत. त्यामुळे ही रात्र अनेक घरांनी पाहिलेली आहे.

"काच लावली होती का?" असे आम्ही अशा मुलांना विचारतो, तेव्हा बहुतेक वेळा उत्तर येते, "हो, काळा गॉगल होता." खरी अडचण इथेच आहे. काच काळी असली म्हणजे डोळा वाचला असे आपण समजतो. पण कोणती काच काय अडवते आणि काय सोडते हे तिच्या रंगावर नाही, तर ती कशापासून बनली आहे यावर ठरते. या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही ही काचेची गोष्ट मुळापासून सांगणार आहोत. तिचे एक टोक वेल्डिंगच्या दुकानात आहे आणि दुसरे टोक इस्पितळातल्या लेझरच्या खोलीत.

दिसणारा आणि न दिसणारा उजेड

उजेड म्हणजे लाटा. दोन लाटांमधले अंतर फार लहान असते, म्हणून ते नॅनोमीटरमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा उजेड दिसतो. जांभळा ४०० च्या बाजूला, तांबडा ७०० च्या बाजूला.

४०० च्या खाली असतात अतिनील किरण. ते दिसत नाहीत, पण कातडी आणि डोळा भाजतात. ७०० च्या वर असतात अवरक्त किरण, म्हणजे उष्णतेचे किरण. चुलीसमोर बसल्यावर निखाऱ्याला हात न लावताही ऊब लागते ती त्यांच्यामुळे.

वेल्डिंगचा रॉड पेटतो तेव्हा हे तिन्ही एकदम बाहेर पडतात आणि तिघेही डोळ्याच्या वेगवेगळ्या भागाला इजा करतात. आखूड लाटांचे अतिनील किरण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात अडतात आणि त्याचा वरचा थर भाजतात. ही जळजळ लगेच कळत नाही. काही तासांनी, बऱ्याचदा सहा ते बारा तासांनी, ती सुरू होते. म्हणून काम दिवसा आणि दुखणे रात्री. त्याहून लांब लाटांचे अतिनील किरण आत नेत्रभिंगापर्यंत पोहोचतात. झगझगीत उजेड आणि जवळचे अवरक्त किरण तर थेट मागच्या पडद्यापर्यंत, दृष्टिपटलापर्यंत जातात. पुढचा थर दोन-तीन दिवसांत भरून येतो. मागचा पडदा भाजला तर तो पुन्हा पहिल्यासारखा होईलच असे नाही.

खिडकीची काच काय करते

साधी काच वाळू, सोडा आणि चुनखडी वितळवून करतात. नुसती वाळू वितळवायला सुमारे १७०० अंश उष्णता लागते. सोडा घातला की ती कमी उष्णतेत वितळते आणि चुन्यामुळे ती पाण्यात विरघळत नाही. मीठ किंवा साखर यांच्यात कण ओळीने रचलेले असतात, तसे काचेत नसतात. पातळ रस थिजताना कणांना रांग लावायला वेळच मिळालेला नसतो. म्हणूनच काचेत किती तरी वेगवेगळे पदार्थ मिसळता येतात आणि प्रत्येक मिश्रणाचा स्वभाव निराळा होतो.

खिडकीची काच दिसणारा उजेड सोडते. सुमारे ३१० नॅनोमीटरच्या खालचे अतिनील किरण ती जवळजवळ सगळे अडवते. पण ३२० ते ४०० मधले बरेचसे किरण तिच्यातून आत येतात. याचा एक परिणाम घरात लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते ते ज्या किरणांमुळे, तेच किरण काच अडवते. बंद खिडकीमागे बसून घेतलेल्या उन्हाने ऊब मिळेल, ड जीवनसत्त्व मिळणार नाही. त्यासाठी काच उघडली पाहिजे किंवा अंगणात, गच्चीवर बसले पाहिजे.

आता घरातली ट्यूबलाइट पाहा. तिच्या आत पाऱ्याची वाफ असते आणि ती पेटल्यावर २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण निघतात. आतून लावलेली पांढरी भुकटी त्यांचा दिसणारा उजेड करते आणि उरलेले किरण साधी काच अडवते. जंतू मारण्याच्या नळीतही तोच पारा असतो. पण तिच्यात भुकटी नसते आणि काच क्वार्ट्झची, म्हणजे शुद्ध सिलिकाची, किंवा अतिनील किरण सोडणाऱ्या दुसऱ्या खास जातीची असते. आकाराने दोन्ही नळ्या सारख्याच. एकीखाली मुले अभ्यास करतात आणि दुसरीकडे थोडा वेळ पाहिले तरी डोळे भाजतात. कोविडच्या काळात जंतू मारण्याचे दिवे आणि पेट्या पुष्कळ विकल्या गेल्या. कुणाकडे असा दिवा असेल तर तो चालू असताना खोलीत कुणी थांबू नये.

वेल्डिंगच्या काचेचा नंबर

वेल्डिंगची खरी काच नुसती रंगवलेली नसते. काचेच्या रसातच लोहाचे क्षार आणि इतर धातूंचे क्षार मिसळलेले असतात. लोहाचा एक प्रकार अतिनील किरण शोषतो, दुसरा प्रकार उष्णतेचे किरण शोषतो. म्हणून या काचेतून पाहिले की बहुधा सगळे हिरवट दिसते. तिच्यावर एक नंबर असतो. नंबर जितका मोठा तितका उजेड कमी.

हा नंबर कसा वाढतो ते पाहण्यासारखे आहे. ५ नंबरच्या काचेवर उजेडाचे एक लाख भाग पडले तर सुमारे १९०० भाग डोळ्यापर्यंत येतात. १० नंबरच्या काचेतून एक लाखातले फक्त १४ येतात. म्हणजे नंबर दुप्पट झाला, पण उजेड जवळजवळ १४० पट कमी झाला. गॅस वेल्डिंग आणि गॅस कटिंगला साधारण ४ ते ६ नंबर चालतो. रॉडच्या वेल्डिंगला साधारण १० ते १२ लागतो आणि करंट जास्त असेल तर आणखी गडद. गॅस कटिंगचा गॉगल घालून रॉडचे काम करणाऱ्याचे डोळे झाकलेले दिसतात, पण ते वाचलेले नसतात.

उलटी चूकही होते. काच गरजेपेक्षा फार गडद असली की सांधा दिसत नाही. मग कारागीर टाका मारण्याआधी शील्ड बाजूला करतो, रॉड टेकवतो आणि पहिली ठिणगी उघड्या डोळ्यांनी पाहतो. दिवसात असे पन्नास टाके मारले तर पन्नास वेळा डोळा उघडा पडतो. म्हणून कामाला योग्य तो नंबर घ्यावा, सगळ्यात मोठा नव्हे. आपोआप गडद होणारी हेल्मेटे मिळतात ती याच अडचणीवर उपाय म्हणून निघाली. चांगल्या हेल्मेटमधली काच उजळ असतानाही अतिनील आणि अवरक्त किरण अडवतेच. गडद होते ती फक्त दिसणाऱ्या उजेडासाठी.

काळ्या काचेपुढे सफेद काच लावतात. तिचे काम एवढेच, की ठिणग्या तिच्यावर पडाव्यात आणि महाग काळी काच टिकावी. सफेद काच खराब झाली की बदलावी. काळी काच तडकली असेल तर त्याच दिवशी बदलावी, कारण फटीतून येणारा उजेड गाळलेला नसतो.

काळा गॉगल, जुना एक्स-रे आणि रंग बदलणारा चष्मा

रस्त्यावर मिळणारा काळा गॉगल दिसणारा उजेड कमी करतो. उजेड कमी झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते. अशा वेळी गॉगल अतिनील किरण अडवणारा नसेल तर मोठ्या झालेल्या बाहुलीतून ते किरण अधिकच आत जातात. त्यामुळे वेल्डिंगला तो अजिबात चालत नाही. जुन्या एक्स-रेची फिल्म डोळ्यासमोर धरून वेल्डिंग किंवा ग्रहण पाहणे हाही तसाच प्रकार. ती काळी दिसते, पण अवरक्त किरण तिच्यातून जाऊ शकतात.

उन्हात काळा होणारा चष्मा हीसुद्धा एक खास काच आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने ती तयार केली. तिच्यात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण असतात. त्यांच्यावर अतिनील किरण पडले की काच काळवंडते आणि सावलीत आले की पुन्हा निवळते. असा चष्मा गाडीत बसल्यावर नीट काळा होत नाही, कारण पुढची काच ते किरण आधीच अडवते. आता असे चष्मे बहुधा प्लास्टिकच्या भिंगाचे असतात आणि त्यांत चांदीऐवजी दुसरी रसायने असतात. पण कुठलाही नंबरचा चष्मा वेल्डिंगच्या काचेची जागा घेऊ शकत नाही.

काचेनेच काच कामगारांचे डोळे वाचवावेत हा विचार शंभर वर्षांहून जुना आहे. भट्टीसमोर वर्षानुवर्षे लाल रसाकडे पाहणाऱ्या कामगारांना लवकर मोतीबिंदू होतो हे डॉक्टरांच्या लक्षात आले होते. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी त्यावर काम केले. काचेत निरनिराळ्या धातूंचे क्षार मिसळून कोणती काच उष्णता आणि अतिनील किरण अडवते आणि तरीही नीट दिसू देते, हे त्यांनी एकेक करून तपासले आणि १९१४ साली ते छापून प्रसिद्ध केले. आपल्या हातातल्या बांगड्या फिरोजाबादच्या भट्ट्यांतून येतात. तिथल्या कामगारांना हे दुखणे आजही लागू आहे.

अडवणारी नव्हे, सोडणारी काच

आतापर्यंत अडवणाऱ्या काचेची गोष्ट झाली. आता दुसरी बाजू. डॉक्टरांना कधी कधी असे किरण शरीरात न्यायचे असतात जे साध्या काचेतून जातच नाहीत. त्यासाठी ते किरण सोडणारी काच लागते. फ्लोराइड काच ही त्यातली एक.

साधी काच लांब लाटांचे अवरक्त किरण का अडवते, हे तुणतुण्यावरून समजते. तुणतुण्याची तार ताणलेली आणि बारीक असेल तर सूर उंच. तार ढिली केली किंवा जाड लावली की सूर खाली येतो. काचेतले अणूही असेच एकमेकांना बांधलेले असतात आणि थरथरत असतात. वाळूच्या काचेत सिलिकॉन आणि ऑक्सिजन घट्ट बांधलेले असतात. त्यांच्या थरथरीशी जुळणारे किरण आले की काच ते पिऊन टाकते. फ्लोराइड काचेत ऑक्सिजनच्या जागी फ्लोरिन असतो, बंध ढिले असतात आणि अणू जड असतात. त्यामुळे सूर खाली येतो आणि काच किरण पिऊ लागते ती बऱ्याच पुढे, अधिक लांब लाटांपाशी. तोवरचे सगळे किरण ती जाऊ देते.

फ्लोराइडचा उजेडाशी संबंध तसा जुना. फ्लोराइट नावाचे खनिज जमिनीत सापडते. आपल्या शेजारी गुजरातेत आंबाडुंगर भागात त्याचे साठे आहेत. जर्मनीत एर्न्स्ट आबे यांनी १८८६ साली सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत फ्लोराइट वापरले. साध्या भिंगातून पाहिले की वस्तूच्या कडेला रंगांची झालर दिसते. फ्लोराइट जोडीला घेतल्यावर ती झालर जवळजवळ गेली आणि बारीक जंतू स्वच्छ दिसू लागले. प्रयोगशाळांतल्या चांगल्या सूक्ष्मदर्शकांत फ्लोराइटची किंवा तशाच गुणाच्या काचेची भिंगे आजही असतात.

पण फ्लोराइट हा स्फटिक आहे, काच नव्हे. खरी फ्लोराइड काच योगायोगाने मिळाली. १९७४ साली फ्रान्समधल्या रेन विद्यापीठात मार्सेल आणि मिशेल पुलँ हे दोघे झाक ल्युका यांच्याबरोबर झिर्कोनियमच्या फ्लोराइडचे स्फटिक करायला गेले आणि भांड्यात काच तयार झाली. पुढे त्यात बेरियम, लँथेनम, ॲल्युमिनियम आणि सोडियम यांची फ्लोराइडे मिसळून अधिक टिकाऊ काच केली. या पाच धातूंच्या रासायनिक चिन्हांतली अक्षरे जोडून तिला झेडब्लॅन म्हणतात.

ही काच नाजूक आहे. वाळूची शुद्ध काच हजार अंशांनाही मऊ होत नाही, तर ही तीनशेच्या आतच मऊ पडू लागते. पाणी आणि ओलावा तिला हळूहळू खातो. थिजताना जरा चूक झाली की तिच्यात स्फटिकांचे दाणे धरतात आणि उजेड विखुरतो. हे दाणे टाळण्यासाठी, वजन जाणवत नाही अशा अवकाश स्थानकावर तिचे तंतू ओढण्याचे प्रयोगही झाले आहेत.

इस्पितळात या काचा कुठे भेटतात

दुर्बिणीने पोट तपासणे आता आपल्याकडेही नवीन राहिलेले नाही. काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येते हे १९५४ साली दाखवणाऱ्यांत पंजाबमधल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी होते. त्यांनी ते काम लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर केले. १९५७ मध्ये अमेरिकेत बॅझिल हिर्शोविट्झ यांनी अशा तंतूंची वाकणारी दुर्बीण पोट पाहण्यासाठी वापरली.

मुतखडा लेझरने फोडतात तेव्हा बहुधा होल्मियम लेझर असतो. त्याची लाट सुमारे २१०० नॅनोमीटर. ती वाळूच्या शुद्ध काचेच्या तंतूतून जाते, म्हणून बारीक तंतू लघवीच्या मार्गाने खड्यापर्यंत नेता येतो आणि पोट कापावे लागत नाही.

दातांच्या आणि कातडीच्या कामात अर्बियम लेझर वापरतात. त्याची लाट २९४० नॅनोमीटर. पाणी ही लाट इतकी शोषते की ती अगदी वरच्या पातळ थरातच संपते. म्हणून नेमका तेवढाच भाग उडतो आणि खाली उष्णता कमी पोहोचते. पण वाळूच्या काचेतून ही लाट पुढे जात नाही. तिथे फ्लोराइड काचेचा तंतू उपयोगी पडतो. त्याला पाणी सोसत नाही म्हणून टोकाला नीलमाचे किंवा क्वार्ट्झचे टोपण बसवतात. काही यंत्रांत तंतूऐवजी आरसे बसवलेला हात असतो.

अंगातून निघणारी उष्णता सुमारे १०,००० नॅनोमीटरच्या आसपासची असते. तिच्यापुढे खिडकीची काच भिंतीसारखी ठरते. म्हणून ताप पाहणाऱ्या कॅमेऱ्याला काचेआडचा माणूस दिसत नाही. त्या कॅमेऱ्याची भिंगे जर्मेनियमची किंवा गंधक, सेलेनियम यांच्या जातीच्या काचेची असतात. ती आपल्याला काळी दिसतात, पण उष्णतेला आरपार असतात. एक्स-रेच्या खोलीतली जाड काचही खास असते. तिच्यात शिसे असते आणि ते एक्स-रे अडवते.

एवढे वाचल्यावर एक गोष्ट लक्षात यावी. 'लेझर' या एका शब्दामागे वेगवेगळे किरण आहेत. दुकानाच्या पाटीवर लेझर लिहिलेले दिसले म्हणून उपचार चांगलाच असतो असे नाही. डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका : हा लेझर कशासाठी, साधा उपाय आहे का, खर्च किती, सरकारी रुग्णालयात होतो का? आणि लेझर चालू असताना डोळ्यांवर जो चष्मा देतील तो काढू नका. प्रत्येक लेझरचा चष्मा वेगळा असतो. एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

फ्लोराइड म्हटले की पाणी आठवते

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या आपल्या वाचकांना फ्लोराइड हा शब्द वेगळ्याच कारणाने माहीत आहे. तिथल्या अनेक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. ते वर्षानुवर्षे पोटात गेले की दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे हाडे आणि सांधे आखडतात. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. दुसरे पाणी नसेल तर १.५ पर्यंत. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. काचेतले फ्लोराइड मात्र काचेत बांधलेले असते आणि उपचारात ते आपल्या पोटात जात नाही. नाव एक, प्रश्न वेगळे. बोअरचे पाणी तपासून घेण्याची मागणी ग्रामपंचायतीकडे जरूर करा.

डोळे भाजले तर

आता पुन्हा त्या रात्रीकडे वळू. वेल्डिंगने डोळे भाजले तर अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून पडावे. मिटलेल्या डोळ्यांवर स्वच्छ ओली थंड पट्टी ठेवावी. डोळे चोळू नयेत. बटाटा, दूध, मध, तूप डोळ्यात घालू नये. थर सोललेल्या बुबुळावर त्यातले जंतू जाऊ शकतात. सकाळी डॉक्टरांना दाखवावे.

सगळ्यात जपायचे ते मेडिकलमधल्या थेंबांपासून. दहा मिनिटांत दुखणे थांबवणारे थेंब बहुधा डोळा बधिर करणारे असतात. डॉक्टर ते तपासणीपुरते वापरतात. घरी वारंवार घातले तर जखम भरत नाही आणि बुबुळ कायमचे खराब होऊ शकते. स्टिरॉइडचे थेंबही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घालू नयेत. दोन दिवसांत आराम पडला नाही, अंधुक दिसू लागले किंवा लोखंडाचा कण गेल्याची शंका असेल तर लगेच नेत्रविभागात जावे.

कामावर जाणाऱ्याने एवढे पाहावे :

• काचेवर नंबर आहे का आणि तो कामाला योग्य आहे का. नंबर नसलेली काळी काच घेऊ नये.

• हेल्परलाही काच हवी. शेजारी उभ्या माणसावरही किरण पडतात, चकाकत्या पत्र्यावरून उलटूनही येतात.

• ग्राइंडरसाठी पॉलिकार्बोनेटचा बाजूने बंद असलेला गॉगल वापरावा. नंबरच्या चष्म्याची काच फुटून डोळ्यात जाऊ शकते.

• गल्लीत वेल्डिंग चालू असेल तर मुलांना तिथून दूर न्यावे आणि आडोसा लावायला सांगावे.

शील्ड आणि काच देणे हे मालकाचे काम आहे, कामगाराच्या मजुरीतून कापायची ती वस्तू नाही. दुकानातले चार जण मिळून मागतात तेव्हा ती मिळते, असा आमचा अनुभव आहे. पुढच्या वेळी विहारात नेत्रतपासणी शिबिर होईल तेव्हा आपल्या हातातली काचही बरोबर आणा. डोळ्यांबरोबर आपण तिचाही नंबर पाहू.